बॉबिन कारखान्याच्या मालकीणबाई

नलिनीबाई धैर्यवान यांच्या आडनावाची थट्टा आमच्या शाळेत सगळ्यांत जास्त त्या स्वतःच करायच्या. "आडनाव पूर्वजांनी कमावलं, मी नुसतं वापरते," असं म्हणायच्या. ते खरंही होतं. इतकी भित्री बाई मी त्याआधी पाहिली नव्हती. दादरच्या मुलींच्या शाळेत मी मराठी शिकवायला लागले, तेव्हा त्या तिथे गणिताच्या जुन्या शिक्षिका होत्या. वय चाळिशीच्या आसपास, लग्न केलेलं नव्हतं. भर एप्रिलात हातात छत्री. ट्राममध्ये कितीही जागा असली तरी बसायच्या दाराजवळच्याच बाकावर, म्हणजे काही झालंच तर उतरता यावं. काय होणार आहे, असं मी एकदा विचारलं. "ते माहीत असतं तर आत जाऊन बसले असते," त्या म्हणाल्या.

पण त्या भित्रेपणाला एक शिस्त होती. कुठलीही भीतीदायक बातमी शिक्षिकांच्या खोलीत आली की सगळ्याजणी एकदम बोलायला लागायच्या आणि नलिनीबाई हात पुढे करायच्या. "कागद कुठे आहे? आधी वाचू, मग घाबरू." सरकारी परिपत्रक असो, नाहीतर कुणाच्या तपासणीचा डॉक्टरी रिपोर्ट, त्या तो शेवटच्या ओळीपासून वाचायला घेत. खरं ते खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, असं त्यांचं मत होतं. नवे पैसे आले आणि आणे-पैशांच्या हिशेबाला सरावलेलं सगळं दादर गांगरलं, तेव्हा त्यांनी एका पुठ्ठ्यावर कोष्टक काढून शाळेच्या फाटकावर टांगलं. चार दिवस समोरच्या भाजीवाल्या गिऱ्हाइकांना तिथे आणून आकडा दाखवत होत्या.

त्यांचा हा नियम एकाच गोष्टीला लागू नव्हता. पैसे गुंतवण्याचं नाव निघालं की त्या खोलीतून उठून जात. पगारातले उरलेले पैसे पोस्टात टाकायचे, फार झालं तर दोन वर्षांतून एखादी बांगडी, संपलं. 'शेअर' हा शब्द कुणी उच्चारला तरी त्यांचा चेहरा बदलायचा.

का, ते पुढे केव्हातरी मधल्या सुट्टीत कळलं. बुधवारी त्यांच्या डब्यात कोलंबीचं भानोलं, त्यांच्याकडचा खास भाजलेला पदार्थ, असे आणि त्या दिवशी त्या जरा मोकळ्या बोलत. त्यांचं घराणं मुंबईतलं जुनं पाठारे प्रभूंचं. ठाकुरद्वारला स्वतःचं दुमजली घर होतं. वडील, म्हणजे भाऊ, कर्ज काढून कापसाच्या सट्ट्यात शिरले आणि नलिनीबाई बारा वर्षांच्या असताना घर गेलं. कुटुंब मुगभाटातल्या चाळीत दोन खोल्यांत आलं.

"घर गेलं ते मला समजलं नाही गं," त्या म्हणाल्या. "पण दिवाणखान्यातला मोठा आरसा दोन हमाल जिन्यावरून खाली नेत होते. त्या आरशात आमची गॅलरी दिसत होती, आई दिसत होती, मी दिसत होते. ते सगळं हलत हलत खाली गेलं. तेवढं समजलं."

भाऊ अजून होते. चाळीच्या गॅलरीत खुर्ची टाकून बसत. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत त्यांनी घरात पैशाचा विषय काढला नव्हता, आणि दुसऱ्या कुणी काढलेला त्यांना चालत नसे.

अशा बाईला तिच्या मामाने शेअर ठेवले. मामा कुठल्याशा कंपनीत हिशेबनीस होते, एकटेच राहायचे. ते वारले आणि त्यांच्या ट्रंकेत नलिनीबाईंच्या नावाचं पाकीट निघालं. त्यात परळच्या गिरण्यांना सूत गुंडाळायच्या लाकडी बॉबिन पुरवणाऱ्या डिलाईल रोडच्या एका कारखान्याचे पन्नास शेअर होते. सोबत चिठ्ठी नव्हती. ते पाकीट त्यांनी शाळेत आणलं. घरात ठेवायची सोय नव्हती, भाऊंच्या दृष्टीस पडलं असतं.

"विकून टाकते," त्या म्हणाल्या. "आजच्या आज."

मग त्यांना कळलं की विकायला एका फॉर्मवर सही लागते. आणि न वाचता सही करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. फॉर्म वाचला तर त्यात न कळणारे सात शब्द. ते कळण्यासाठी त्यांनी कंपनीचा वार्षिक अहवाल मागवला, तर त्यात सत्तर. मला वाटतं, तो अहवाल आला नसता तर त्यांनी ते शेअर आठवड्याभरात फुंकून टाकले असते. पण समोर न सुटलेलं गणित ठेवून उठणं त्यांना जमत नसे.

पुढचं वर्षभर नलिनीबाईंच्या मोकळ्या तासाला त्यांच्याशी कुणी बोलू शकलं नाही. जुन्या पुस्तकांच्या दुकानातून त्यांनी वाणिज्याच्या विद्यार्थ्यांचं एक फाटकं पुस्तक आणलं. शनिवारी दुपारी शाळा सुटली की वाचनालयात जाऊन बसत. एका वहीत डाव्या बाजूला इंग्रजी शब्द, उजव्या बाजूला मराठी, आणि खाली स्वतःच्या भाषेत अर्थ. घसारा या शब्दापाशी त्या पंधरा दिवस अडकल्या होत्या. मग एके दिवशी वर्गावरून आल्या त्या हसतच. हातात खडूचा तुकडा होता.

"सुमन, हे बघ. सकाळी अख्खा होता. मुली म्हणतील बाईंनी गणित शिकवलं, खर्च काही झाला नाही. पण हा झिजला ना? यंत्रंही अशीच झिजतात. ते झिजणं दरवर्षी खर्चात लिहायचं, त्याला घसारा म्हणायचं. न लिहिणारी कंपनी खोटा फायदा दाखवते." थोडा वेळ खडूकडे बघून म्हणाल्या, "सट्टा करणारी माणसं तर यंत्रच बघत नाहीत. नुसता भाव बघतात. भाऊंनी आयुष्यात कापसाची एक गाठ हातात धरली नसेल."

कागद कळायला लागल्यावर त्यांना कारखाना बघायचा होता. एकट्या जायचं धैर्य होईना, म्हणून मला आणि शाळेच्या शिपायाला, रामचंद्रला, बरोबर घेतलं. रामचंद्र मालवणकडचा, राहायचा डिलाईल रोडलाच आणि त्याचा भाऊ त्याच कारखान्यात लेथवर, म्हणजे लाकूड कातायच्या यंत्रावर, होता. आम्ही फाटकासमोरच्या फुटपाथवर उभे राहिलो. आत लाकडाचे ओंडके रचलेले दिसत होते, भुशाचा वास रस्त्यापर्यंत येत होता. नलिनीबाई छत्री उघडून आतून निघणाऱ्या हातगाड्या मोजत होत्या. बराच वेळ झाला तेव्हा रामचंद्र म्हणाला, "बाई, तुमी हेच्या मालकीण असात मां? मगे भायर कित्याक उभ्या?"

नलिनीबाई लाजल्या. आत गेल्या नाहीत. पण परत येताना ट्राममध्ये त्याला विचारत होत्या, लाकूड कुठून येतं, पगार वेळेवर होतो का, गेल्या वर्षी नवा लेथ बसवला असं अहवालात लिहिलंय ते खरं का. "बसवलो," रामचंद्र म्हणाला. "माझो भाव त्याच्यारच काम करता." त्यांनी वहीत खूण केली. छापलेल्या ओळीचा खरेपणा लेथवरच्या माणसाकडून पडताळून घेता येतो, याचं त्यांना फार अप्रूप वाटलं. त्यांनी ते शेअर विकले नाहीत.

भाऊंना मात्र कळायचं ते कळलंच. लाभांशाचं पाकीट शाळेऐवजी चुकून घरच्या पत्त्यावर आलं. मी त्या दिवशी त्यांच्याकडे चहाला गेले होते. भाऊ गॅलरीतून आत आले, पाकीट टेबलावर ठेवलं आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "हे ह्या घरात नको. उद्या विकून ये."

नलिनीबाईंचा हात कपावर तसाच राहिला. मला वाटलं, आता ह्या हो म्हणतील. "विकते," त्या म्हणाल्या, "पण आधी तुम्ही दहा मिनिटं बसा. मी वाचून दाखवते. नंतरही विक म्हणालात तर विकेन."

"मला काही ऐकायचं नाही."

"भाऊ, बसा."

त्यांनी वडिलांना असं सांगणं बहुधा पहिल्यांदाच घडत असावं, कारण भाऊ बसले. नलिनीबाईंनी शाळेच्या पिशवीतून अहवाल काढला आणि ताळेबंद उघडून वाचायला सुरुवात केली. कारखान्याचं एवढं आहे, एवढं येणं आहे, एवढा माल पडून आहे. वर्गात वाचतात तशाच, ओळीखाली बोट ठेवून. भाऊ खिडकीकडे बघत होते. ऐकतायत की नाही कळत नव्हतं. मध्येच त्यांनी मान वळवली.

"कर्ज किती आहे?"

"नावाला आहे. एका वर्षाच्या नफ्यातून फिटेल एवढं."

"आणि तू हे कर्ज काढून घेतलंस?"

"नाही. मामाने दिलेत. मी काढणारही नाही."

 भाऊ उठले, पाकीट उचललं आणि कपाटावरच्या देवाच्या फोटोमागे नीट ठेवून गॅलरीत गेले. मला जिन्यापर्यंत सोडायला आलेल्या नलिनीबाईंचे डोळे भरले होते. "पंचवीस वर्षं उशिरा विचारला," त्या म्हणाल्या, "पण प्रश्न बरोबर विचारला."

स्वतःच्या पगारातून पहिले दहा शेअर घ्यायला त्या फोर्टात गेल्या तेव्हाही मी सोबत होते. दलाल वसनजीभाई म्हणून होते. ते दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. रस्त्यात गुजराती-मराठी म्हटलं की माणसं एकमेकांकडे संशयाने बघत. नलिनीबाई स्वतः शाळेतल्या बायकांबरोबर मोर्चात चालल्या होत्या, छत्रीसकट. तरी वसनजीभाईंच्या समोरच्या खुर्चीत बसून त्यांनी विचारलं, "शेठ, हे पूर्ण बुडाले तर माझं जास्तीत जास्त किती जाईल?"

वसनजीभाईंनी चष्मा काढला. "बेन, चाळीस वरस मी ह्या धंद्यात हाय. लोक येते, विचारते, किती वाढेल. किती बुडेल, असा विचारणारा पहिला गिऱ्हाईक तुम्ही." मग त्यांनी नीट समजावून सांगितलं, दिले तेवढेच जातील, त्याहून पै जास्त नाही.  सही करताना नलिनीबाईंचं अक्षर वाकडं आलं, म्हणून त्यांनी दुसरा फॉर्म मागितला.

हे शाळेत लपून राहिलं नाही. एकदोघी 'आमच्या शेठाणीबाई' म्हणून चिमटे काढू लागल्या. चळवळ ऐन भरात होती आणि खोलीत रोज तोच विषय. त्यात नलिनीबाई एकदा म्हणाल्या, "मुंबई आपली, हे मी रस्त्यावरही म्हणते. पण ह्या मुंबईतल्या कारखान्यांचं एक पान तरी आपल्यापैकी कुणाच्या नावावर आहे का? आपण फक्त कामगारांच्या हजेरीपुस्तकात." ते कुणालाच आवडलं नाही. मलाही त्या वेळी आवडलं नव्हतं.

ऐकलं एकीनेच. मालतीबाई साने शिवण शिकवायच्या. नवरा लवकर गेलेला, एकच मुलगी, तिला डॉक्टर करायचं ठरलेलं. त्यांनी नलिनीबाईंना विचारलं, घेऊ का मी पण? नलिनीबाई म्हणाल्या, नाही. मालतीबाईंनी पुतण्याकरवी गुपचूप घेतले, तेच बॉबिनचे, मुलीच्या शिक्षणासाठी साठवलेल्या पैशांतून.

आणि मग अफवा सुरू झाल्या. मुंबई महाराष्ट्राला मिळाली की पैसेवाले निघून जाणार, गिरण्या बंद पडणार, कारखाने दुसरीकडे हलणार. एक दिवस हरताळ, दुसऱ्या दिवशी गोळीबाराची बातमी. सगळ्याच कंपन्यांचे भाव उतरले आणि बॉबिनचा तर जवळजवळ अर्ध्यावर आला. मालतीबाई दुपारच्या सुट्टीत नलिनीबाईंसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि शेअर घेतल्याचं कबूल केलं. 

नलिनीबाई घाबरल्या होत्या. मी शेजारी होते, त्यांनी टेबलाची कड धरलेली मला दिसत होती. आदल्याच शनिवारी त्या पुन्हा डिलाईल रोडला जाऊन आल्या होत्या. कारखाना चालू होता, लाकूड येत होतं. त्यांनी एकच विचारलं, "मुलीची फी कधी भरायची?"

"येत्या जूनपासून."

"मग विका."

"तुम्ही विकताय?"

"नाही."

"वा. म्हणजे स्वतः ठेवायचे आणि मला विकायला सांगायचं?"

"माझ्या पैशांना घाई नाही, मालतीबाई. तुमच्या पैशांना तारीख आहे. भाव अजून उतरेल की चढेल, मला माहीत नाही. जूनपर्यंत कळेल याची खात्री मी देऊ शकत नाही."

मालतीबाईंनी विकले. जवळजवळ निम्मे पैसे गेले. जून आला, उरलेल्यातून आणि एक पाटली मोडून मुलीची फी भरली गेली. भाव तोवर तिथेच होता. दिवाळीनंतर मात्र तो चढत चढत पूर्वीच्या जागी आला आणि मालतीबाईंनी नलिनीबाईंशी बोलणं टाकलं. 'ह्यांनी मला विकायला लावलं' असं त्या सगळ्यांना सांगत. नलिनीबाईंनी एकदाही स्वतःची बाजू मांडली नाही.

"जूनमध्ये भाव वर नव्हता, हे तुम्ही सांगत का नाही?" मी एकदा चिडून विचारलं.

"भाव चढला म्हणून माझं सांगणं चूक होत नाही, आणि पडला असता तर त्यानेच ते बरोबरही झालं नसतं," त्या म्हणाल्या. "पण त्यांची पाटली गेली, ती गेलीच. ती परत आणणारा हिशेब मला येत नाही."

ते वर्ष त्यांना जड गेलं. खोलीत दोघींची टेबलं समोरासमोर होती. डबा खाताना नलिनीबाई खिडकीकडे तोंड करून बसत.

त्यानंतर वर्षाभराने त्यांचे स्वतःचे पैसे बुडाले. कुर्ल्याच्या बाजूला एक साबणाची नवी कंपनी निघाली होती. तिचे कागद त्यांनी नेहमीसारखे खालून वर वाचले होते, सगळं ठीक होतं, तरी ती दोन वर्षांत बंद पडली. बातमी कळली त्या दिवशी मी धास्तावून त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी दोन्ही तास घेतले, आठवीच्या वह्या तपासल्या, डबा उघडला. बुधवार होता.

"थोडं घे," म्हणून त्यांनी भानोलं पुढे केलं. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "सकाळपासून मी वाट बघत होते, तो लहानपणीचा धसका आता येईल म्हणून. हमाल जिन्यावर येतील, असं काहीतरी. पण कुणी आलं नाही. माझ्या घरातून उचलून नेण्यासारखं मी त्या कंपनीत काही ठेवलंच नव्हतं. दुःख झालं, गेले ते पैसे कष्टाचे होते. भीती नाही वाटली." आणि जरा थांबून, जणू उत्तर ताळ्याशी ताडून पाहिल्यासारखं, "खरंच नाही वाटली."

समोरच्या टेबलावर मालतीबाई होत्या. त्यांनी ते ऐकलं असणार. दोन-तीन दिवसांनी त्या आपला डबा घेऊन नलिनीबाईंच्या टेबलाशी येऊन बसल्या. नलिनीबाईंनी वह्या सरकवून जागा केली. डबा उघडता उघडता मालतीबाई म्हणाल्या, "किती गेले?" नलिनीबाईंनी आकडा सांगितला. "माझ्याहून जास्त," मालतीबाई म्हणाल्या. मग दोघी जेवल्या.

महाराष्ट्र राज्य होणार त्याच्या दोन-तीन दिवस आधी आमची शाळा सुट्टीसाठी बंद झाली. माझं लग्न ठरलं होतं, मी नागपूरला जाणार होते, राजीनामा देऊन झाला होता. सगळ्यांचे निरोप घेऊन मी निघाले तेव्हा दुपार कलली होती. दादरभर कमानी उभ्या राहत होत्या, शिडीवर चढलेली माणसं दिव्यांच्या माळा बांधत होती. रस्ता ओलांडून मी बसमध्ये चढले आणि खिडकीतून ट्राम टर्मिनसकडे बघितलं, तर तिथल्या बाकावर नलिनीबाई आणि मालतीबाई बसल्या होत्या. निरोपाच्या वेळी नलिनीबाई माझ्याशी फार बोलल्या नव्हत्या. माझ्या हातात एक कोरी वही देऊन वर्गावर निघून गेल्या होत्या.

आता दोघींच्या मांडीवर मिळून एक अहवाल उघडा होता. मालतीबाई एका ओळीवर बोट आपटून काहीतरी ठासून सांगत होत्या. नलिनीबाई मान हलवत होत्या, नाही, नाही. मालतीबाईंनी पान उलटून मागचं काहीतरी दाखवलं. नलिनीबाईंची मान हलायची थांबली. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, बराच वेळ वाचला. मग पर्समधून खोडरबर काढला आणि समासात स्वतः लिहिलेला आकडा खोडून पेन्सिल मालतीबाईंच्या हातात दिली.

ट्राम आली. कंडक्टरने घंटा वाजवली, माणसं चढली, ट्राम सुटली. मालतीबाई लिहीत होत्या आणि नलिनीबाई त्यांच्या खांद्यावरून वाकून बघत होत्या. माझी बस वळली तोपर्यंत दोघींपैकी कुणीही वर बघितलं नव्हतं.